वहिनीचं बाजूला बसणं

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या मागच्या अंगाला एक पडवी होती. तिच्यात सरपण असे, शेण्यांची रास असे, आणि कोपऱ्यात एक घोंगडं नि एक पितळी तांब्या असे. घरातल्या इतर वस्तूंशी त्या दोन वस्तूंचं काही देणंघेणं नव्हतं. घरातली बाई बाजूला बसली की त्या पडवीत जायची आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायची. मधल्या दिवसांत तिला कुणी शिवत नसे. तिचं ताट लांबून सरकवायचं काम माझ्यासारख्या पोरीकडं असे. आम्हाला एवढंच सांगितलं जाई, की तिला कावळा शिवलाय. मी बरीच मोठी होईपर्यंत परसातल्या कावळ्यांकडं जरा धाकानंच बघत असे. पुढं सगळा जन्म बायकांचे आजार तपासण्यात गेला, आणि आता त्या पडवीची आठवण झाली की हसूही येतं आणि रागही येतो. बाईच्या पोटात काय चाललंय हे तिच्या आधी गल्लीला कळायचं. कोण बसली आणि कोण बसली नाही, याची चर्चा आडावर पाणी शेंदता शेंदता व्हायची. लग्न झालेली बाई बसली नाही म्हणजे तिला दिवस गेले. याला दुसरा काही अर्थ असू शकतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आमच्या डाव्या हाताला तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांच्या मागांची खटखट सकाळी सुरू व्हायची, ती मध्येच थांबली की आई म्हणायची, ‘जेवाया बसली वाटतं ती.’ मग आमच्याकडंही पानं घेतली जायची. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुताचं दुकान होतं. थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली बसायचा, त्याला मी दादा म्हणे. दुकानात तो विणकरांशी घडाघडा तेलुगू बोलायचा आणि घरात पाऊल टाकलं की तोंडात मिठाची गुळणी धरायचा. वाईट नव्हता बिचारा, पण आईसमोर त्याला स्वतःचं असं मत कधी फुटलं नाही. आमच्या घरात मतं सगळी आईकडं असत.

वहिनी दुधनीची. नाव कस्तुरा. तिच्या माहेरी कोरडवाहू शेती, मेंढरांचा कळप, आणि निम्मं बोलणं कानडीतून. ती आली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन, पण नात्यानं नणंद, म्हणून ती मला ‘वन्सं’ म्हणायची आणि ‘तुमी’ म्हणायची. नाक पुसायचं भान नसलेल्या मला तो मान फार आवडायचा. ‘नको’ म्हणायचं असलं की तिच्या तोंडून पहिल्यांदा ‘ब्याड’ निघायचं, मग ती जीभ चावायची. तिच्या हातची भाकरी अशी पातळ असायची की आई शेजारणींना बोलावून दाखवायची. शेंगाची चटणी ती उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची, आणि खपली गव्हाची खीर केली की आधी वाटीभर मला द्यायची, देवाला मागून. ‘देवाला काय घाई न्हाय,’ म्हणायची. आईच्या पाठीमागं म्हणायची, हे सांगायला हवं.

ती थोराड बांध्याची होती, पोट-कमरेला भरलेली. ओठावर आणि हनुवटीवर तिला काळी लव होती, आणि वर्षागणिक ती दाट होत गेली. दुपारी सगळे लवंडले की ती परसात बसून बोटांना चुलीतली राख लावायची आणि आरशाच्या तुकड्यात बघून एकेक केस उपटायची. मला बघितलं की म्हणायची, ‘वन्सं, ऊन लागंल, आत जावा.’ तिच्या मानेवर मागं एक काळसर पट्टा होता. आईला वाटे ही पोर मान घासत नाही. ती तिला डाळीचं पीठ द्यायची, लिंबाची साल द्यायची, आणि वहिनी कातडं लाल होईपर्यंत घासायची. आज माझ्यापुढं अशी मान असलेली मुलगी येऊन बसली की मी तिला आधी हेच सांगते, बाई गं, हा मळ नाही, घासू नकोस. हा तुझ्या रक्तातल्या साखरेचा कारभार बिघडल्याचा निरोप आहे. त्या काळी आमच्या घरात हे सांगणारं कुणी नव्हतं.

लग्नानंतर वर्षभरात एकदा असं झालं, की वहिनी बरेच दिवस बाजूला बसली नाही. आईची चाल बदलली. आडावरची घागर ती वहिनीच्या हातातून काढून घेऊ लागली. तिच्या पानात तूप वाढू लागली. आणि तिसरा महिना सरत आला असं धरून एका संध्याकाळी तिनं वहिनीला देवघरासमोर बसवलं, दार लोटून घेतलं आणि ओटीत खणाची हिरवी चोळी घातली. या चोळीला चोरचोळी म्हणतात. पहिलटकरणीला दृष्ट लागू नये म्हणून ती गाजावाजा न करता द्यायची असते, डोहाळजेवण मागून. वहिनी खाली मान घालून हसत होती. मला दाराशी राखणीला बसवलं होतं आणि मी अर्थात फटीतून बघत होते.

पुढं काही दिवसांनी ती सकाळी उठली ती पोट धरूनच. रक्त खूप गेलं. आईनं तिला पडवीत नेलं, शेक दिला, सुंठीचं पाणी दिलं, आणि चुलीपुढं येऊन पदर तोंडात कोंबून रडली. ‘पोट पडलं गं पोरीचं,’ एवढंच मला ऐकू आलं. त्यानंतर आई तिला बाळंतिणीसारखी जपली. वहिनी बरी झाली, कामाला लागली. काही महिन्यांनी पुन्हा तेच, चोळी, तूप, आणि रक्त. आणि मग तिसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या चोळीच्या वेळी वहिनी हसली नाही. आडावर आता बायका तिला वाट करून द्यायच्या, आणि तिच्यामागं आवाज उतरवून बोलायच्या. हिचं पोट धरत नाही, हिच्या ओठावर मिशी आहे, ही अर्धी बापई आहे, असलं काहीबाही. एकीला मी दगड मारला होता. त्याबद्दल मार खाल्ला आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मग बार्शीची मामी आली. आईची भावजय. शेव-चिवडा घेऊन आली आणि आपल्या भाचीचं स्थळ घेऊन आली. तेव्हा एक बायको असताना दुसरी करायला कुणाची आडकाठी नव्हती. मूल नसलं तर ती रीतच होती. आईनं चार दिवस विचार केला आणि मग वहिनी भाकरी थापत असताना तिच्याशेजारी जाऊन बसली.

‘कस्तुरा, तुला कुणी घालवून देत न्हाय,’ आई म्हणाली. ‘तू हितंच ऱ्हाशील, लेकीवानी. धाकली आली तरी मान तुझाच थोरला. पर घराला वंस पायजे की.’

‘तुमी म्हनाल तसं, आत्याबाई,’ वहिनी म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली. ती भाकरी थापता थापता मध्येच फाटली, तरी ती थापतच होती.

दादाला विचारलं. तो म्हणाला, ‘मी काय सांगणार? तुमी बघा.’ आणि दुकानाला गेला.

बोलणी लांबवायला एक निमित्त मिळालं. पेठेतल्या एका वैद्याचा काढा आईनं सुरू केला होता, त्याचा गुण येतो का बघू, मग ठरवू, असं तिनं मामीला सांगितलं. तो काढा इतका कडू होता की वहिनीचं भांडं घासताना माझं तोंड वाकडं व्हायचं. आणि नवल म्हणजे गुण आला. वहिनी पुढच्या महिन्यापासून अगदी वेळच्या वेळी बाजूला बसू लागली. घड्याळ लावावं तशी. आईचा चेहरा फुलला. पाळी ठिकाणावर आली म्हणजे आता कूस उजवणार, असं तिनं धरलं आणि बार्शीला निरोप गेला की जरा थांबा.

त्या दिवसांत ताट सरकवायला मी पडवीत जायची, तेव्हा वहिनी मजेत असायची. आधी बसायची तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन पडून असे. आता ती माझ्याशी सागरगोटे खेळायची, खेळता खेळता कानडी गाणं म्हणायची. धुतलेली फडकी दोरीवर असायची, पण सकाळी तिनं कोरडी घडी न वापरता तशीच भिजवून वाळत घातलेली मी पाहिली होती. मी विचारलं, ‘वहिनी, तुला खरंच शिवलाय का गं कावळा?’ तिनं ओठावर बोट ठेवलं. ‘वन्सं, तुमच्यामाझ्यात,’ म्हणाली. मला वाटलं हिला कामाचा कंटाळा आला असेल. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. मीही शाळेला जायचं नसलं की पोट दुखवून घ्यायची.

भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसत. उभ्या मूर्ती, भोवती फराळाचे ढीग, आणि दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील. त्या दिवशी बाजूला बसलेल्या बाईची सावलीही माजघरात चालायची नाही. वहिनी आठ-दहा दिवसांपूर्वीच न्हाऊन उठली होती, त्यामुळं आई निर्धास्त होती. पहाटेपासून वहिनी पाट्यावर पुरण वाटत होती. तिनं पोळ्यांची चळत उतरवली, भाज्या फोडणीला टाकल्या. घरभर वेलदोड्याचा वास होता. आई मूर्तींवर टांगायचा फुलोरा बांधत होती. आणि वहिनीनं अर्धवट लाटलेल्या पोळीवर लाटणं ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली.

‘आत्याबाई,’ ती म्हणाली, ‘मी शिवलेली हाय.’

आईला कळेना. ‘आता कसली? परवाच तर न्हालीस की.’

‘आता आली. खरी.’

ती एवढं बोलली नसती तर कुणाला काही कळणार नव्हतं. पदर खोचून उरलेल्या पोळ्या लाटून नैवेद्य दाखवता आला असता. पण देवीच्या ताटाला तो हात लावायचा ही गोष्ट तिच्यानं झाली नाही. तीही त्याच समजुतीत वाढलेली. ती मागच्या दाराकडं निघाली आणि उंबऱ्यातच तिचे पाय गेले. तोवर लुगडं मागून भिजलं होतं. आईनं हातातला फुलोरा टाकला, धावत जाऊन तिला धरली आणि दोघी उंबऱ्यात बसल्या. आता आईही विटाळली.

‘मंग त्या दिशी काय बसली हुतीस?’ आईनं विचारलं. आवाज चढवलेला नव्हता.

‘नुसतीच बसले हुते. लई दिवस झालं नुसतीच बसतीया.’

‘का गं?’

‘बसले न्हाय की तुमी समजता पोटुशी हाय. पुन्ना ती चोळी नगं वाटली, आत्याबाई. पुन्ना तुमी चुलीपुढं रडनार. मला ऐकू येतंय तितं.’

आई म्हणाली, ‘मला वाटलं काढा लागू पडला. म्हनून तर बार्शीचं थांबीवलं.’

‘ठाव हाय मला. त्यासाटी न्हाय बसले मी.’ वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. ‘न्हाय, खोटं कशाला. त्यासाटीबी बसले.’

मी तिथंच पुरणाची वाटी हातात घेऊन उभी होते. मला वाटलं आई आता तिला मारील, नाहीतर अण्णांना हाक मारील. आईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि मला म्हणाली, ‘माले, हात धुऊन ये. आता नैवेद्य तुझ्याकडं.’

आई आंघोळ करून घरात येऊ शकत होती. शिवाशिवीला तेवढं पुरत असे. पण ती उठली नाही. वहिनीला पडवीत घोंगड्यावर निजवून ती तिच्या उशाशी बसली आणि तिथून मला ओरडून सांगत राहिली, आधण ठेव, तांदूळ धू, गूळ घाल, हलव, अगं खाली लागतंय, हलव. केलेलं सगळं बाजूला सारून त्या वर्षी महालक्ष्म्यांना माझ्या हातचा करपलेला गूळभात मिळाला. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणींनी विचारलं, सासू-सुना कुटं हायत? आईनं पडवीतूनच उत्तर दिलं, ‘आमी दोगी बसलोय.’ त्यांनी एकमेकींकडं बघितलं, आणि मी त्यांना माझा गूळभात वाढला. त्यातल्या दोघींनी तो खाल्ला, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

वहिनीचं रक्त थांबेना. तेव्हा आईनं टांगा मागवला आणि तिला स्टेशनच्या बाजूला बायकांचा एक दवाखाना होता तिथं नेलं. मी हट्टानं बरोबर गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, थकलेल्या. त्यांनी वहिनीला पडद्याआड तपासलं, बराच वेळ काय काय विचारलं, आणि मग हात पुशीत आईसमोर बसल्या. औषधानं रक्त थांबेल म्हणाल्या. दोन्ही बाजूंचे बीजकोश हाताला जरा मोठे लागतात, असं का ते मला सांगता येत नाही, म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणता तसं तीनदा पोट पडलं, असं मला नाही वाटत. यांना मळमळलं नाही, छाती भरली नाही, कसलीच खूण नाही. पाळीच लांबत होती, आणि मग एकदम जोरात येत होती. मूल राहिलंच नव्हतं, बाई.’

त्या बाईंना जे सांगता आलं नाही ते पुढं काही वर्षांनी परदेशातल्या डॉक्टरांनी लिहिलं, आणि मी शिकायला गेले तेव्हा ग्रंथालयात बसून वाचलं. वाचताना मला मागांची खटखट ऐकू येत होती. दर महिन्याला बीजकोशात बारीक बारीक पाण्याच्या पिशव्या वाढीला लागतात, प्रत्येकीत एक बीज असतं. आम्ही त्यांना फॉलिकल म्हणतो. त्यातली एक पुढं जाते, बाकीच्या मागं पडून जिरून जातात, पुढची पिकते, फुटते आणि बीज बाहेर येतं. त्यानंतर त्या फुटलेल्या जागीच एक रस तयार होतो, तो गर्भाशयाचं अस्तर सांभाळतो, आणि मूल राहिलं नाही तर तो रस आटतो आणि पाळी येते. वहिनीच्या पोटात पुढं जाणारी ती एकच नव्हती. तिच्या शरीरात पुरुषी रस जास्त तयार होत होता, त्यामुळं पुष्कळ पिशव्या वाढीला लागत आणि निम्म्या वाटेवर सगळ्याच अडत. दाट पेरलेली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबावी आणि एकाही ताटाला कणीस येऊ नये, तसं ते. बीज बाहेर पडलं नाही म्हणून तो दुसरा रस नाही, म्हणून पाळीची वेळ नाही. अस्तर मात्र वाढत राहायचं आणि कधीतरी आपल्याच भारानं ढासळायचं. त्यालाच आम्ही पोट पडलं म्हणत होतो. लव, मान, बांधा, सगळं त्याच एका दुखण्याचं होतं. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बीजकोशाच्या कडेनं त्या अडलेल्या पिशव्या काळ्या मण्यांसारख्या दिसतात. मुली घाबरतात, गाठी आहेत का म्हणून विचारतात. या दुखण्याच्या इंग्रजी नावात ‘सिस्ट’, म्हणजे गाठ, आहे, त्या नावानंच घोटाळा केलाय. गाठी नव्हेत त्या, वाढायच्या राहून गेलेल्या पिशव्या आहेत, आणि आज त्यातल्या पुष्कळजणींना औषधानं मूल होतं. वहिनीला झालं नाही. ती आमच्या त्याच घरात म्हातारी झाली, दादाच्या एकुलत्या एक बायकोच्या मानानं.

पण त्या दिवशी टांग्यात हे काहीच आम्हाला माहीत नव्हतं. वहिनी मध्ये बसली होती, एका बाजूला आई, एका बाजूला मी. घोडं सावकाश चाललं होतं. आई म्हणाली, ‘बार्शीला आजच निरोप धाडते. येऊ नगा म्हनून.’

मला वाटलं वहिनी आता हसेल. ती समोर रस्त्याकडं बघत राहिली.

‘आत्याबाई,’ ती म्हणाली, ‘मला वाटायचं माज्या हातनंच गेली ती पोरं. घागर उचलली म्हनून एक. दुधनीच्या गाडीत हिसका बसला म्हनून एक.’

‘तुज्या हातनं काय झालं न्हाय. डाक्टरीनबाई म्हनली न्हवं, पोटात नव्हतीच म्हनून.’

‘व्हय. पर मी नावं ठिवली हुती.’

आईनं तिच्याकडं वळून बघितलं. ‘काय नावं?’

वहिनीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. ‘पयल्याचं सिद्राम. मंग मल्लव्वा, मला वाटलं हुतं पोरगी असंल. तिसऱ्याला नुसतं बाळू म्हनायची. तवर भ्या वाटाया लागलं हुतं, नाव ठिवायचं.’

टांगा पेठेच्या तोंडाशी आला होता. आईनं ती नावं स्वतःशी एकदा हळू म्हणून बघितली. मग वहिनीचा हात आपल्या मांडीवर घेतला.

‘चांगली हुती,’ ती म्हणाली.